आमच्या युनिव्हर्सिटीची शेअर्ड नॅनो लॅब, दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

नवीन येणारे ज्युनियर सारखे विचारतात की तिथे काम कसं असतं, सेफ आहे का, स्लॉट मिळतो का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी दोन वर्षं आठवड्यातले तीन-चार दिवस इथे असतो. माझं काम म्हणजे सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) ऑक्साइड वाढवायचा, त्यावर पॅटर्न काढायचा, एच करायचं (म्हणजे नको तो थर केमिकल किंवा गॅसने काढून टाकायचा) आणि एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघायचं, त्यामुळे फर्नेस, लिथोग्राफी (प्रकाशाने पॅटर्न छापणं), वेट बेंच (ॲसिड वगैरे केमिकल वापरायचं टेबल) आणि आरआयई (गॅसच्या प्लाझ्माने एच करायचं मशीन) यांच्याबद्दल खात्रीने बोलू शकतो. ई-बीमवर (इलेक्ट्रॉनच्या झोताने पॅटर्न काढायच्या मशीनवर) दोनदाच बसलोय, ते सोडून देतो.

आत जायची परवानगी मिळायला मला पाच आठवडे लागले. आधी लेक्चर आणि परीक्षा, मग टेक्निशियन सरांबरोबर बेंचवर उभं राहून फक्त बघायचं, मग आपण करायचं आणि ते बघणार, आणि एचएफ ह्या घातक ॲसिडसाठी पुन्हा वेगळं ट्रेनिंग. तेव्हा फार चिडचिड झाली होती, गाइडना रिझल्ट हवे आणि मी रिकाम्या बीकरमध्ये पाणी ओतायची प्रॅक्टिस करतोय! आज कुणी म्हणालं की हे पाच आठवड्यांचं दोन आठवड्यांवर आणा तर मी स्वतः जाऊन विरोध करीन.

लिथोग्राफीची खोली क्लास १०० आहे, म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण १०० पेक्षा जास्त नकोत. बाकीचा भाग क्लास १०,०००. पिवळा लाइट बघून सगळे फोटो काढतात, तो रेझिस्टसाठी (वेफरवर लावायच्या, प्रकाशाने बदलणाऱ्या थरासाठी) आहे, अल्ट्राव्हायोलेट आणि निळा प्रकाश लागला की रेझिस्ट एक्स्पोज होतो म्हणून. स्पिनर, हॉटप्लेट, मास्क अलायनर सगळं चालू स्थितीत असतं, ह्या भागाबद्दल तक्रार नाही.

आता महत्त्वाचं. नवीन मुलांना वाटतं की पांढरा बनी सूट, टोपी, बूट, ग्लोव्ह्ज घातले म्हणजे आपण सुरक्षित. नाही! तो सूट वेफरला आपल्यापासून वाचवायला आहे, आपल्याला केमिकलपासून वाचवायला नाही. आत मिळणाऱ्या पातळ नायट्राइल ग्लोव्हमधून ॲसिटोन काही मिनिटांतच आरपार जातं, तर ॲसिडचं काय घेऊन बसलात. बेंचवर ॲसिड काढायचं तर वरून ॲप्रन, फेस शील्ड, जाड लांब बाह्यांचे ग्लोव्ह्ज हे सगळं वेगळं घालायचं. ह्या लॅबला मी पहिला स्टार ह्याच गोष्टीला देतो की ॲप्रन आणि शील्ड बेंचच्या शेजारीच हुकवर टांगलेले असतात, कपाटात कुलपात नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी मी बघितलंय, किल्ली आणायला दोन मजले खाली जावं लागायचं, मग कोण जातंय.

वेट बेंचवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण जीव जायचा असेल तर तो इथेच जाईल. एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड दिसायला अगदी पाण्यासारखं. काच खातं म्हणून ते फक्त प्लास्टिक किंवा टेफ्लॉनच्या बीकरमध्ये घ्यायचं. वाईट गोष्ट अशी की डायल्यूट असेल तर लागल्या लागल्या दुखत नाही, कितीतरी तासांनी दुखायला लागतं, तोवर फ्लोराइड कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरून बसलेलं असतं आणि जास्त भाग भाजला असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अंगावर उडालं अशी नुसती शंका आली तरी पाच मिनिटं धो धो पाणी, मग २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत राहायचं आणि सोबतच्या माणसाने तोवर हॉस्पिटलला फोन लावायचा, दुखत नाहीये म्हणून घरी जायचं नाही. म्हणूनच एचएफ एकट्याने काढायला इथे बंदी आहे, दोघं असलेच पाहिजेत, आणि हा नियम खरोखर पाळला जातो, माझा जोडीदार एकदा आला नाही तर सरांनी माझा स्लॉट रद्द केला, मी कितीही विनवण्या केल्या तरी.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. संध्याकाळच्या स्लॉटला मी आणि माझी लॅबमेट आत गेलो तर बेंचवर पाच-सहा थेंब, पारदर्शक. लॅबचा नियम आहे की ओळख पटत नाही तोवर बेंचवरचं प्रत्येक पारदर्शक थेंब एचएफच समजायचं. तिने मला बाहीला धरून मागे ओढलं, मी टिश्यू घ्यायला हात पुढे केला होता, नुसते पातळ ग्लोव्ह घालून. सर आले, पूर्ण गिअर घालून पीएच पेपर लावला, पेपर लाल. लॉगबुक काढलं तर आमच्या आधीच्या मुलाची एंट्री होती बीओईची, म्हणजे अमोनियम फ्लोराइड घातलेलं एचएफच. त्याला बोलावलं, बिचारा पांढरा पडला, त्याचं म्हणणं स्लॉट संपला होता, पुढचे लोक दारात उभे होते, घाईत पुसायचं राहिलं. मला त्याचा राग नाही आला, कारण मीही तसाच घाईत बाहेर पडलोय आधी. शेअर्ड लॅबचं सगळं इथेच अडतं, तुम्ही स्वतः कितीही काळजी घ्या, तुमचा जीव तुमच्या आधी तिथे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या शेवटच्या दहा मिनिटांवर अवलंबून असतो.

आणि लॅबने त्यावर जे केलं त्यासाठी मी मनापासून मार्क देतो. त्या मुलाचं ॲक्सेस बंद करून विषय संपवला नाही. वेट बेंचच्या प्रत्येक बुकिंगमध्ये शेवटची १५ मिनिटं फक्त सफाईची अशी सिस्टिममध्येच लॉक केली, पुढच्या माणसाने बेंच बघून सही केल्याशिवाय आधीच्याचा स्लॉट बंदच होत नाही. शिवाय दारापाशी एक वही ठेवलीय, थोडक्यात वाचलो अशा घटना लिहायला, नाव लिहिलं नाही तरी चालतं. दर सोमवारी मॅडम ती वाचून दाखवतात. ह्याचं महत्त्व कळायला टेक्सास टेक युनिव्हर्सिटीचं प्रकरण वाचा, जानेवारी २०१० मध्ये तिथे स्फोटक कंपाउंडवर काम करताना एका विद्यार्थ्याची तीन बोटं गेली, आणि अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात निघालं की तिथे आधीही अशा घटना होऊन गेल्या होत्या, पण त्यांची नोंद ठेवून त्यातून कुणी धडा घेतला नव्हता.

पिराना (वेफर साफ करायचं सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) बनवायचं असेल तर, सल्फ्युरिकमध्ये पेरॉक्साइड हळूहळू, उलटं नाही, आणि आजूबाजूला ॲसिटोनची बाटलीसुद्धा नको, ऑरगॅनिक मिसळलं तर स्फोट होतो. वापरून झालं की उघड्यावर थंड होऊ द्यायचं, वेस्टच्या बाटलीला व्हेंट असलेलंच झाकण, घट्ट बूच लावलं तर आत गॅस साठून बाटली फुटते. इथे व्हेंटवाली झाकणं लाल रंगाची आहेत आणि ती कायम स्टॉकमध्ये असतात. वेस्टच्या लेबलवर मात्र लोक नुसतं ‘ॲसिड’ लिहून जातात, ते थांबलं पाहिजे. डेव्हलपरबद्दलही (रेझिस्टमधला पॅटर्न उघडा करायच्या द्रावणाबद्दलही) जरा बोलतो, त्यातलं टीएमएएच (टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड) २.३८ टक्क्यांचं असतं म्हणून सगळे त्याला साबणाच्या पाण्यासारखं वागवतात, पण २५ टक्क्यांचं अंगावर पडून माणसं मेलेली आहेत, आणि आमच्याकडे स्टॉक २५ टक्क्यांचाच येतो. तो डायल्यूट करायचं काम फक्त स्टाफने करावं असं मी लेखी दिलंय, अजून उत्तर नाही.

गॅसचा अलार्म दोनदा वाजला माझ्यासमोर. एकदा ड्रिल, एकदा खरा, क्लोरीनच्या लाइनवर सेन्सर ट्रिप झाला होता. माझं सहा आठवड्यांचं सॅम्पल चेंबरमध्ये होतं, तसंच सोडून बाहेर आलो. दोन मिनिटांत सगळी लॅब रिकामी, दारात हजेरी घेतली, कोण आत आहे ते स्वाइप कार्डवरून तपासलं. सॅम्पल वाया गेलं, वाईट वाटलं, पण आत पळत गेलो असतो तर आज हे लिहायला नसतो कदाचित.

आता एक स्टार का कापला ते. एचएफवरच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलच्या ट्यूबची एक्स्पायरी होऊन दोन महिने झाले होते, ते मला दिसलं, स्टाफला नाही. सांगितल्यावर त्याच दिवशी नवीन आली, पण हे तपासायचं काम कुणाच्या नावावर आहे हे अजून कुणालाच सांगता येत नाही. स्पटरचे (वेफरवर धातू वगैरेचा पातळ थर चढवायच्या मशीनचे) स्लॉट लोक बुक करतात आणि येत नाहीत. रात्री आठनंतर स्टाफ नसतो, वेट बेंच बंद करतात हे ठीक, पण आरआयई चालू असते आणि काही झालं तर फोन उचलायला फक्त गेटवरचा वॉचमन, ज्याला कुठल्या गॅसचा अलार्म वाजतोय हे कुणी शिकवलेलं नाही. त्याच्यावर हा भार टाकणं मला अजिबात पटत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट लिफ्ट. लिक्विड नायट्रोजनचा डीवार (अतिथंड द्रव ठेवायचं भांडं) खालून वर नेताना मुलं त्याच्यासोबत लिफ्टमध्ये उभी राहतात. एक लिटर लिक्विडचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, लिफ्ट अडकली आणि डीवार गळला तर ऑक्सिजन कधी संपला ते कळणारही नाही, वास नाही, घुसमट नाही, माणूस सरळ खाली पडतो. खोलीत ऑक्सिजन मॉनिटर आहे, १९.५ टक्क्यांखाली गेलं की ओरडतो, लिफ्टमध्ये काहीच नाही. मी आणि आणखी दोघांनी अर्ज केलाय की डीवार जाताना लिफ्ट मधल्या मजल्यांवर थांबू नये अशी किल्ली बसवा. ते होईपर्यंत आम्ही असं करतो, एकजण खाली डीवार आत ठेवून बटण दाबून बाहेर येतो, दुसरा वर दाराशी उभा असतो, आणि डीवारला साखळी लावून मोठा कागद अडकवलेला असतो, ‘आत चढू नका’. तुमचा स्लॉट असेल आणि जोडीला कुणी नसेल तर मला मेसेज करा, मी वर उभा राहीन.