हेडफोनचे पॅड बदलले आणि डग्गा हरवला

पॅडचे काळे पापुद्रे कानामागे, उशीवर, शर्टाच्या कॉलरवर दिसायला लागले की पॅड संपला. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हे लवकर होतं, अथणीच्या कोरड्या हवेत जरा उशिरा. दुकानात ज्याला ‘लेदर’ म्हणतात ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवा आणि घाम यांनी तो थर रासायनिकरीत्या तुटत जातो, त्यामुळे पंख्याखाली वाळवून काही उपयोग नाही. ‘प्रोटीन लेदर’ हे नाव भारी वाटतं, पण तेही मुळात त्याच जातीचं. वापरला नाही तरी कपाटात बसून सडतो, म्हणून दोन जोड्या आणून ठेवायचा शहाणपणा करू नका.

खरी गडबड पुढे होते. पाच-सहाशे रुपयांचे जाडजूड मेमरी फोमचे पॅड लावतात, कानाला मऊ लागतात, सगळे खूश. आणि मग भजनाच्या रेकॉर्डिंगमधला डग्गा टिणटिण वाजायला लागतो. हेडफोन बिघडला म्हणून दुसरा घेतात! हेडफोन ठीकच असतो. पॅड ही नुसती गादी नव्हे; ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) आणि कान यांच्यामधली खोली आहे. खोलीची भिंत, उंची, दार यांतलं काहीही बदललं की आवाज बदलणारच.

दार म्हणजे गळती. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खालचा खर्ज हवा कोंडलेली असेल तरच पूर्ण ऐकू येतो. चष्म्याची काडी, कानामागचे केस, गालाच्या हाडाखालची पोकळी, पॅडमागची कपावर चढणारी सैल झालर, यातल्या कुठूनही हवा निसटली की सगळ्यात आधी डग्ग्याचा घुमारा जातो. वरचे स्वर तसेच राहतात, म्हणून आवाज ‘तीक्ष्ण झाला’ असं वाटतं. तपासणी सोपी आहे. फोनवर टोन जनरेटर, म्हणजे एकच सूर वाजवणारं ॲप, घ्या, ५० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. सूर एकदम फुगला तर गळती आहे. एकाच बाजूला फुगला तर त्या बाजूचा पॅड नीट बसलेला नाही. नवा पॅड लावल्यावर ही तपासणी केल्याशिवाय मत बनवू नये.

उंची म्हणजे पॅडची जाडी. पातळ पॅडमध्ये कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते. तासाभरात कान दुखतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा स्टुडिओतला जुना हुकमी गडी, पण मूळ पॅड पातळ आणि मोठ्या कानांना त्रासाचे. त्यावर जाड पॅड लावले की आराम नक्की मिळतो. मात्र ड्रायव्हर काही मिलिमीटर लांब जातो, आतली जागा वाढते आणि वरच्या पट्टीत जे स्वर जास्त किंवा कमी जोराने वाजतात, ते उंचवटे-खड्डे आपली जागा सोडतात. ऐकायला आवाज थोडा मोकळा, थोडा लांबून आल्यासारखा लागतो. गाणी ऐकायला छान. ज्याला याच हेडफोनवर लग्नाच्या व्हिडिओचं संकलन करायचं आहे, त्याने मूळचेच पॅड घ्यावेत, कारण त्याचा कान त्या आवाजाला सरावलेला असतो. जाड पॅडने हेडबँडही जास्त फाकतो आणि दाब वाढतो. मऊ पॅड आणूनही डोकं दुखतं ते यामुळे. चार पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हेडफोन रात्रभर फाकवून ठेवला तर दाब जरा उतरतो. प्लास्टिकच्या हेडबँडवर हा प्रयोग नको, तडा जातो.

आता भिंत, म्हणजे कापड. गुळगुळीत लेदरेट, म्हणजे ते नकली लेदर, हवा कोंडतं: खर्ज भरपूर, बाहेरचा आवाज कमी, आणि एप्रिल-मेमध्ये कानाला घामाची धार. व्हेलोर म्हणजे मखमली कापड. हवा खेळती, कान कोरडा, पण बंद पाठीच्या हेडफोनवर खर्ज ठळकपणे कमी होतो. छिद्रांचं लेदरेट दोघांच्या मधलं. टेकायच्या भागाला कापड आणि बाजूला लेदरेट असे मिश्र पॅडही मिळतात, आणि आपल्या हवेला आमची पसंती त्यांनाच. कानाला कापड लागतं, बाजूची भिंत हवा धरून ठेवते.

व्हेलोर वाईट, असा अर्थ मात्र काढू नका. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची ८० आणि २५० ओमची जात राखाडी व्हेलोर धरूनच घडवलेली आहे. तिच्यावर लेदरेट चढवलं तर खर्ज फुगून गायकाच्या गळ्यावर बसतो. उलट ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स लेदरेट धरून केलेला. त्यावर मखमल लावली तर डग्गा अर्धा होतो. कंपनीने जे कापड दिलं तेच आधी बघा, सोडायचं असेल तर कारण माहीत असू द्या. नेटवरची तयार ईक्यू (खर्ज-तीव्र स्वर कमी-जास्त करणारी) सेटिंगसुद्धा मूळ पॅडवरच मोजलेली असतात. पॅड बदलला की ती निकामी.

ऐकून पारखायला कुमार गंधर्वांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण घ्या. ते सुळेभावीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण पक्कं आहे. त्यांचे तंबोरे फार बारकाईने लावलेले असतात. जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजनाची, झालर मोकळी, सलग ऐकू येते का, की सुईसारखी टोचते? डग्ग्यावर तळवा घासून काढलेली मींड खाली उतरताना मध्येच गायब होते का? तंबोरा टोचला तर कान ड्रायव्हरच्या फार जवळ आहे किंवा खर्ज गळतोय. मींड तुटली तर गळती नक्कीच. जुन्या आणि नव्या पॅडची तुलना करताना फोनचा आवाज सारखा ठेवा, आणि नवा फोम दहा-बारा तास वापरून बसू द्या. हिवाळ्याच्या सकाळी मेमरी फोम कडक असतो, कानाच्या उबेने पाच-दहा मिनिटांत सैलावतो. तोवर खर्ज कमीच लागेल.

आपल्याकडचा एक स्वस्त मार्ग म्हणजे मोटारसायकलच्या सीट शिवणाऱ्याकडून रेक्झिनचे पॅड शिवून घेणं. एक गोष्ट त्यांच्या बाजूची: सीटचं रेक्झिन पीव्हीसीचं असतं, ते पॉलियुरेथेनसारखं पापुद्रे धरत नाही. पण ते ताणत नाही, त्यामुळे आतल्या गोलाईला चुण्या पडतात. चुणी म्हणजे गळती. जाड सुईच्या टाक्यांतूनही हवा जाते. कानावर टेकणाऱ्या, फोनवर बोलण्यापुरत्या हेडफोनला चालेल. संगीताच्या हेडफोनला नको.

मापात सगळ्यात जास्त चुका होतात. जुना पॅड मोजू नका, तो पसरलेला असतो. पॅड काढून ज्या प्लास्टिकच्या कडेवर झालर चढते तिच्याभोवती दोरा गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा २८३ मिमी भरला तर ९० मिमीचा पॅड. लंबगोल कडेलाही हीच रीत, कारण झालर ताणून बसते. पाच मिमीने लहान पॅड ओढून बसतो, पाच मिमीने मोठा कायम गळतो. आतलं भोक वेगळं बघा: कानाची उंची साठ-पासष्ट मिमीच्या आसपास असते, भोक त्याहून लहान असेल तर तो पॅड कानाभोवती बसणार नाही, कानावर बसेल. भिकबाळी किंवा मोठ्या कुड्या घालणाऱ्यांनी तर हे आधी बघावं.

बसवताना घाई केली की झालर फाटते. झालरीचा खालचा भाग खाचेत अडकवा, अंगठ्याने धरून ठेवा आणि जुनं एटीएम कार्ड खाचेतून फिरवत झालर आत ढकला. शेवटची दोन इंच ताण लागतो. तिथे नखं लावू नका. तिरप्या पॅडची जाड बाजू कानामागे यायला हवी, उलट लावला की समोरून गळती. सेनहायझरच्या एचडी ६०० आणि ६५० ला झालर नसते, पॅड चिमट्यांवर बसतो: कडेने ओढून काढायचा, नवा नेमका ठेवून गोल फिरत दाबत जायचं, प्रत्येक चिमट्याचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. या दोन्हींचे पॅड चपटे झाले की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो आणि आवाज तोंडावर आल्यासारखा होतो. पॅड फाटला नसला तरी बदला.

आवाज दाबणाऱ्या, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगच्या हेडफोनला स्वस्त पॅड लावण्याआधी दोनदा विचार करा. बाहेरचा गोंगाट कापायचं गणित कपातल्या माइकवर आणि बंद हवेवर चालतं. गळती झाली की पुण्याच्या बसमधली इंजिनची घरघर परत येते. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये डाव्या कपात हेडफोन कानावर आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो. पर्यायी पॅडचं आतलं कापड त्याच्या आड आलं तर ही ओळख चुकू शकते. बोसच्या क्यूसी३५ मध्ये पॅडखालचं डावं-उजवं कापड वेगळं असतं, तेही अदलाबदल करू नका. या हेडफोनना अस्सल पॅड महाग पडले तरी तेच घ्या.

कापडी पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात. पिळू नका, सावलीत दोन दिवस वाळवा. लेदरेटला स्पिरिट लावू नका, ओलसर फडक्याने पुसून कोरडं करा. जुने पॅड लगेच फेकू नका. नवे आवडले नाहीत तर तुलनेला तेच लागतील.