महू-चोरलच्या बाजूला शेत, गोठा, फार्महाउस: वाघ-बिबट्यापासून बचावासाठी पैसा कशावर घालावा?

इंदुरात राहायचं आणि सिमरोल, चोरल, महू, मानपूर या बाजूला पाच-दहा एकर राखायचे, अशी मराठी घरं आपल्याकडे बरीच आहेत. कुणाचा दुधाचा गोठा आहे, कुणी हाळ्याच्या (सालगड्याच्या) भरवशावर लसूण-बटाटा करतं, कुणी नुसतं शनिवार-रविवारपुरतं फार्महाउस बांधलंय. मे 2023मध्ये महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात सीसीटीव्हीत वाघ दिसला आणि पुढच्याच महिन्यात मलेंडी गावाजवळ एका ग्रामस्थाचा जीव गेला. तेव्हापासून विचारणा तीच होते: शेताला झटका मशीन लावू, की गोठा बंदिस्त करू, की कॅमेरे घेऊ, की वनविभागाने पिंजरा लावायची वाट बघू?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जनावरं पाळत असाल तर पहिला खर्च रात्रीच्या बंद गोठ्याचा. बाकी सगळं त्यानंतर, आणि काही गोष्टींवर तर खर्च करूच नये.

आधी कळू द्या, येतंय कोण

देवास-सीहोरच्या खिवनी अभयारण्याकडून उदयनगर, चोरल, बडगोंदा असा जंगलाचा तुटक पट्टा आपल्या दारापर्यंत येतो. मध्य प्रदेशात 2018च्या गणनेत 526 वाघ होते, 2022च्या गणनेत 785. आईपासून सुटलेले दीड-दोन वर्षांचे नर नवी जागा शोधत असे पट्टे धरून चालत येतात आणि बहुतेक वेळा निघूनही जातात. बिबट्या मात्र इथलाच रहिवासी आहे. ‘वाघ आला’ म्हणून जो आरडाओरडा होतो, त्यात बरेचदा बिबट्याच निघतो, कधी तरसही.

पाऊलखूण मोजा. बिबट्याच्या पंजाची रुंदी साधारण 7 ते 9 सेंटीमीटर, मोठ्या वाघाची 12च्या पुढे. तरसाच्या खुणेत नखं उमटतात, मांजरकुळात सहसा नाही. मारलेल्या जनावरावरूनही अंदाज येतो. वाघ बहुधा मागच्या पुठ्ठ्याकडून खायला सुरुवात करतो आणि अख्खा बैल ओढून नेऊ शकतो. बिबट्या पोटाकडून सुरू करतो, आणि शेळी-वासरू झाडावर चढवलेलं दिसलं तर शंकाच नको.

हे कळणं खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण दोघांची घुसण्याची तऱ्हा वेगळी. बिबट्या चढतो, छपरावरून उतरतो, वीतभर फटीतून अंग आत घालतो. वाघ सहसा चढण्याच्या फंदात पडत नाही. पण नराचं वजन 180-200 किलोच्या घरात असतं, आणि तो पंजाने ओढायला लागला की सैल जाळी खांबासकट वाकते. गोठा दोघांनाही पुरला पाहिजे: वरून बंद आणि बाजूंनी मजबूत.

झटका मशीन की बंद गोठा

इथेच जास्त पैसा जातो आणि इथेच चूक होते.

सौर कुंपण, म्हणजे आपलं झटका मशीन, मुळात पिकासाठी चांगलं आहे. रोजडे (नीलगाई) आणि रानडुकरं अडवायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. ते तारेत सतत वीज सोडत नाही. साधारण सेकंदाला एक, क्षणाचाही अंश टिकणारा, काही हजार व्होल्टचा झटका देतं. त्यामुळे जनावर दचकतं, मरत नाही. पण वाघाला पाच तारांचं कुंपण उडी मारून ओलांडता येतं, आणि कोरडी केसाळ कातडी तारेला घासली तर झटका अर्धाच बसतो. नाक किंवा ओला पंजा लागला तरच तो धडा घेतो. म्हणून गोठ्याच्या रक्षणासाठी म्हणून शेताच्या चहूबाजूंनी झटका कुंपण घेणार असाल तर थांबा.

हिशेब करून बघा. पाच एकराचा चौकोनी तुकडा धरला तर परिघ सुमारे 570 मीटर. पाच तारा म्हणजे 2,850 मीटर तार. अडीच मिलिमीटरची तार घेतली तर नुसत्या तारेचं वजन 110 किलोच्या आसपास. दर आठ मीटरला एक म्हणजे सत्तरेक खांब. वर मशीन, पॅनल, बॅटरी, इन्सुलेटर. याउलट सहा गाई-म्हशींचा 20 बाय 15 फुटांचा गोठा घ्या; त्याचा परिघ 70 फूट, म्हणजे 21 मीटर. राखायची रेघच सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते.

त्या गोठ्याचा माल असा. भिंत आठ फूट उंच आणि वरूनही जाळी, म्हणजे 560 अधिक 300, एकूण 860 चौरस फूट चेनलिंक. जाळी 10 गेजची, दोन इंची चौकटीची. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. दुकानदार 12 गेज पुढे करेल, ती पातळ, शेतीच्या कुंपणाची, इथे नको. खांब 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचे, दहा फुटी, दर सात फुटांवर एक. दाराचे दोन धरून बारा. दोन फूट जमिनीत, एक फूट लांब-रुंद खड्ड्यात काँक्रीट. बारा खड्ड्यांना चार-साडेचार पोती सिमेंट पुरतं. जाळी खांबाच्या आतून नव्हे, बाहेरून बांधायची. आतून बांधली तर बाहेरून पडणारा जोर नुसत्या बांधणीच्या तारेवर येतो. बाहेरून बांधली की जाळी खांबावरच रेलते. तळाशी फूटभर जादा जाळी जमिनीत पुरा किंवा विटांचा फूटभर उंच ओटा घ्या, नाहीतर खालून उकरून वाट होते.

बहुतेक गोठे फसतात ते दारात. भक्कम जाळी आणि दाराला जुनी फळी, दोरीची गाठ, खाली सहा इंच फट, हे दृश्य सगळीकडे दिसतं. दाराची चौकट अँगलचीच हवी, भोवतालची फट कुठेही चार इंचांपेक्षा जास्त नको, कडी वर आणि खाली अशा दोन जागी. दुसरी चूक जागेची. खर्च वाचवायला लोक गोठा लहान करतात. मोठ्या जनावराला किमान 40 चौरस फूट मिळाले नाहीत तर उन्हाळ्यात रात्री दम लागतो, आणि आठवड्याभरात हाळी दोन जनावरं पुन्हा बाहेर बांधायला लागतो. बिबट्याला तेवढंच हवं असतं. तिसरी गोष्ट, जाळीला लागून झाड किंवा कडब्याची गंजी नको. त्यावरून बिबट्या थेट छपरावर येतो.

आधीच पक्का गोठा असेल तर नवीन बांधू नका. भिंत आणि पत्र्यामधली मोकळी जागा जाळीने बंद करा, खिडक्यांना गज लावा आणि दार बदला.

झटका मशीन घ्यायचंच असेल तर ते पिकासाठी घ्या, आणि त्याची अर्थिंग नीट करा. पाच-सहा फुटांच्या निदान तीन सळया, एकमेकींपासून दहा फुटांवर, आणि घराच्या किंवा मोटरच्या अर्थिंगपासून दहा मीटर दूर. एप्रिल-मे मध्ये आपली काळी माती भेगाळून कोरडीठाक होते आणि झटका निम्म्यावर येतो. तेव्हा सळयांच्या बुडाशी पाणी घालावं लागतं. पावसाळ्यात उलटं होतं: गवत तारेला टेकतं आणि झटका जमिनीत जिरतो. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तीन फुटांची पट्टी साफ ठेवायची तयारी नसेल तर हे यंत्र घेऊच नका. व्होल्टमीटर घेऊन मशीनपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात मोजा. तिथे 5,000 व्होल्ट असेल तर ठीक, 3,000च्या खाली गेलं तर ते कुंपण शोभेचं.

आणि घरगुती लाइन थेट तारेत सोडणं हा पर्यायच नाही. त्याने वाघ मरतात, गाई मरतात, रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी मरतो. वाघाच्या शिकारीला वन्यजीव कायद्याखाली 3 ते 7 वर्षं कैद आहे, माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला वेगळा.

दिवे, फटाके, कुत्री

लुकलुकणारे सौर दिवे स्वस्त आहेत आणि सुरुवातीला कामही करतात, विशेषतः बिबट्यावर. पण जनावर सरावतं. दर आठवड्याला त्यांची जागा आणि उंची बदलली तर परिणाम थोडा लांबतो. सुंदरबनात 1986च्या सुमारास डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायचा प्रयोग झाला होता. वाघ मागून हल्ला करतो हे ओळखून केलेली युक्ती सुरुवातीला छान चालली, पुढे वाघांना ती कळली असं तिथे सांगतात. दिव्यांकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

फटाके दूर जाणाऱ्या जनावरामागे ठीक. उसात किंवा नाल्यात बसलेल्या वाघाला चहूबाजूंनी घेरून फटाके फोडणं म्हणजे त्याला माणसांवर ढकलणं. त्याची जंगलाकडची बाजू मोकळी ठेवली तर अंधार पडल्यावर तो बहुधा आपणहून जातो.

कुत्रा भुंकून सांगतो, पण बिबट्याचं आवडतं खाद्यही तोच. रात्री त्याला जाळीच्या आत ठेवा.

कॅमेरा

कान्हा-पेंच पट्ट्यात 2022पासून ट्रेलगार्ड नावाचे छोटे कॅमेरे वापरले गेले; वाघाचा फोटो ते स्वतः ओळखून अर्ध्या मिनिटाच्या आसपास वनकर्मचाऱ्याच्या फोनवर पाठवतात. व्यवस्था उत्तम, कारण पलीकडे निघायला तयार असलेली माणसं आहेत. आपण इंदुरात बसून रात्री दोन वाजता फोटो पाहिला तर करणार काय? शिवाय चोरलच्या घाटात नेटवर्क दगा देतं, आणि वाऱ्याने हलणाऱ्या गवताचेच शेकडो फोटो येतात. घ्यायचाच तर वाटेच्या वळणावर, गुडघ्याच्या उंचीला, उगवती-मावळतीकडे तोंड न करता लावा. फक्त स्वतःच्या जमिनीवर. वनजमिनीवर लावायला परवानगी लागते. फोटो बीटगार्डला (वनरक्षकाला) पाठवा, कॉलनीच्या ग्रुपवर नको. सकाळपर्यंत तिथे गाड्या उभ्या राहतात.

‘पकडून घेऊन जा’

ही मागणी सगळ्यात मोठ्याने होते आणि ती आपल्या हातात मुळीच नसते. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 नुसार वाघ पकडण्याचा लेखी आदेश मुख्य वन्यजीव अभिरक्षकच देऊ शकतात, तेही तो माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असेल तर. नुसता दिसला किंवा गाय मारली एवढ्यावर आदेश निघत नाही. आधी कॅमेऱ्याने वाघ ओळखायचा, राष्ट्रीय नोंदींशी पट्टे जुळवायचे, समिती बसवायची, असा क्रम राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने घालून दिला आहे.

हा क्रम काम रेंगाळवण्यासाठी नाही. नोव्हेंबर 2009मध्ये पेंचहून पन्नाला नेलेला टी-3 हा नर वाघ काही दिवसांतच पेंचच्या दिशेने चालू लागला. महिन्याभराच्या पाठलागानंतर त्याला परत आणावं लागलं. बांधवगडची सुंदरी वाघीण 2018मध्ये ओडिशात सातकोसियाला नेली, तिथे माणसं दगावल्याचा ठपका तिच्यावर आला, मग पिंजरा, आणि 2021मध्ये परत मध्य प्रदेश. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा तरुण नर येतो तो वेगळाच. माणसावर वारंवार हल्ला करणारं जनावर हलवलंच पाहिजे. बाकी वेळी या मागणीत आठवडे घालवण्यापेक्षा गोठ्याचं दार बदलणं बरं.

जे विकत मिळत नाही

बंद गोठा रात्रीपुरताच. वाघाने मारलेली बरीच गुरं दिवसा, जंगलात चरताना जातात. तिथे गुराखी एकटा नको, गुरं विखरू देऊ नयेत, घाणेरीने भरलेले नाले टाळावेत आणि सूर्य मावळायच्या आत कळप परत यावा. माणसांवरचे हल्ले वाकून किंवा बसून काम करताना अधिक होतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना आणि त्यामागोमाग तेंदूपत्त्याच्या दिवसांत चार-पाच जणांनी बोलत-बोलत जावं.

गाय गेली तर तिला हलवू नका. जागेवरून हलवली की दावा अडकतो. शिवाय वाघ त्याच गाईवर परत येतो, ती काढून घेतली तर दुसरी मारतो. 48 तासांच्या आत बीटगार्ड किंवा रेंज ऑफिसला लेखी कळवा, पाऊलखुणेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पशुहानीची भरपाई लोकसेवा गॅरंटीत (ठरल्या मुदतीत काम करून देण्याच्या राज्याच्या कायद्यात) येते, मुदत 30 दिवसांची. उशीर झाला तर सीएम हेल्पलाइन 181. एकट्या भरपाईच्या भरवशावर राहू नका, दुभत्या म्हशीचं बाजारमूल्य त्यातून निघत नाही. आपोआप मेलेलं जनावर मात्र नाल्यात टाकू नका. सहा फूट खड्डा, चुना, माती.

राहिलं रिकामं फार्महाउस. तिथे गुरं नाहीत, म्हणून मालकाला वाटतं कॅमेरे आणि उंच कुंपण पुरे. रात्रंदिवस तिथे राहतं ते चौकीदाराचं कुटुंब, आणि पहाटे अंधारात डबा घेऊन नाल्याकडे जातात तीही तीच माणसं. कॅमेऱ्याच्या पैशात त्यांच्या खोलीला लागून संडास, दारावर दिवा आणि पंधरा-वीस फुटांपर्यंत झुडपं काढून मोकळं केलेलं अंगण होतं. आधी ते करा.