बाजारपेठेतली टोइंगवाल्यांची सर्व्हिस – बोर्ड नसलेल्या जागी जॅमर

५ पैकी २ स्टार.

आमचं समुद्राजवळ छोटं होमस्टे आहे त्यामुळे पाहुण्यांच्या गाडीची काही भानगड झाली की फोन मलाच येतो. परवा पुण्याचे पाहुणे सुरमई घ्यायला मासळी बाजारात गेले, बाहेर येऊन बघतात तर चाकाला जॅमर. मी गेलो. नो पार्किंगचा बोर्डच नाही तिथे, नुसता खांब, वरचा पत्रा खाऱ्या हवेने गंजून कधीच पडलाय आणि खांबाला वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. खाली माशांच्या पेट्यांचं पाणी आणि वाळू, पायाने वाळू बाजूला केली तेव्हा कडेला पिवळा रंग दिसला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, बोर्ड नाही म्हणजे गाडी लावायला मोकळीक असं नाहीये. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसस्टॉपजवळ, कुणाच्या गेटसमोर गाडी लावायला बंदीच आहे, बोर्ड असो नसो, आणि कडेची सलग पिवळी पट्टी पण पार्किंग बंद हेच सांगते. पण पट्टीच दिसत नसेल तर बाहेरगावच्या माणसाला कळणार कसं हो? माझा भाचा इंग्लंडला असतो, तो म्हणाला तिकडे दुहेरी पिवळ्या पट्टीला पाटी लागत नाही पण एकेरी असेल तर वेळेची पाटी लागते, बाजूला नाहीतर निदान त्या एरियात शिरताना तरी. आपल्याकडे पावसाळा संपला की पत्रा बदलायचा आणि पट्टी परत मारायची एवढं तरी करा ना.

जॅमर लावणारी पोरं कंत्राटदाराची, त्यांनी सरळ रोख पैसे मागितले. मी म्हटलं आधी हवालदारांना बोलवा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे गाडी उचलायला किंवा जॅमर लावायला सांगायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाचा आहे, कंत्राटदाराच्या पोरांचा नाही. हवालदार आले आणि खरंच चांगले वागले, सगळं ऐकून घेतलं, खांबाचे आणि पट्टीचे फोटो स्वतः काढले. म्हणाले, "तुमचं पटतंय मला, पण पट्टी आहे ना हो इथे." ५०० चं ई-चलान झालंच (कलम १७७, पहिल्या वेळी ५०० पर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत), पण जॅमर लगेच काढायला लावला आणि वर एक रुपया घेऊ दिला नाही. दोन्ही स्टार त्यांचेच. जॅमर काढताना पोरांनी रिमवर हा एवढा ओरखडा पाडला, सॉरी पण नाही म्हणाले, पाहुण्यांसमोर मला फार वाईट वाटलं.

गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की हीच जागा भरणार, तेव्हा बाजारात येताना गाडी एसटी स्टँडमागच्या मैदानात लावा, पैसे घेतात पण पावती देतात आणि बाजार चालत जवळ आहे. चलान आलंच तर रोख देऊ नका, फोटो काढून ठेवा, महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाकता येते. आम्ही टाकलीये, उत्तर आलं की इथेच लिहितो.