अपघातस्थळांची दुरुस्ती की संपूर्ण जाळ्याची पाहणी? स्थानिक संस्थांसाठी तुलनात्मक आढावा

स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात रस्ते सुरक्षेसाठी स्वतंत्र तरतूद झाली, की ती खर्च करण्याचे दोन मार्ग बहुधा चर्चेला येतात. पहिल्यात अपघातांच्या नोंदी तपासून, जिथे ते वारंवार घडले अशी स्थळे निवडली जातात आणि त्यांची दुरुस्ती होते. दुसऱ्यात अपघात घडण्याची वाट न पाहता रस्त्यांच्या संपूर्ण जाळ्याची पाहणी होते आणि वाहनांचा वेग, रस्त्याची रुंदी, वळणे, पादचाऱ्यांची वर्दळ यांवरून धोक्याचा क्रम लावून कामे घेतली जातात. रस्ते विभागात असताना दोन्ही पद्धतींनी काम करण्याची आणि पुढे त्यांतील एकीची शिफारस करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली होती. आज त्याच निवडीपाशी आलेल्या अभियंत्यांसाठी आणि सदस्यांसाठी हा आढावा लिहिला आहे. ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघात घडणारे स्थळ) आणि सुरक्षा लेखापरीक्षण (सुरक्षिततेच्या दृष्टीने रस्त्याची तपासणी) यांची वाचकांना तोंडओळख आहे असे गृहीत धरतो.

पहिल्या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. निधी थोडा असेल आणि एखाद्या चौकात सातत्याने माणसे जखमी होत असतील, तर तिथे आधी हात घालणे स्वाभाविक आहे आणि माणुसकीलाही धरून आहे. सभेत या खर्चाचे समर्थन करणे सोपे जाते, कारण घडलेल्या घटनांची यादीच पुढे असते. नेमक्या जागी नेमका उपाय केला, तर परिणामही मोठा मिळतो. अमेरिकेतील २३ चौकांचे वाहतूक बेटांत रूपांतर झाल्यानंतर जो अभ्यास झाला, त्यात एकूण अपघात सुमारे ४० टक्क्यांनी, तर इजा होणारे अपघात त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात घटल्याचे आढळले. कारण सरळ आहे : बेटामुळे वेग उतरतो आणि काटकोनात बसणारी धडक जवळपास संपते. हे काम छोट्या कर्मचारीवर्गालाही झेपते, आणि वर्षभरात काय झाले ते लोकांना दाखवता येते.

असे असूनही माझे मत दुसरीकडे झुकले, आणि त्यामागे तत्त्वापेक्षा रोजच्या कामातील एक त्रास अधिक होता : अपघाताच्या जागेची नोंद. स्थळे निवडण्याची ही सगळी पद्धत नकाशावरच्या ठिपक्यांवर उभी असते आणि ठिपका कुठे पडावा हे नोंदीतील एखाद्या ओळीवर ठरते. ती ओळ अपघातानंतरच्या धावपळीत लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला जखमींना हलवायचे असते, वाहतूक मोकळी करायची असते आणि जबाबदारी कोणाची हे पाहायचे असते. तीन वर्षांनी कोणी अभियंता त्या ओळीवरून दुभाजकाची जागा ठरवणार आहे, हे त्याच्या मनात असण्याचे कारण नाही. त्यामुळे ‘पुलाजवळ’ असे लिहिलेले असते, पण पुलाला दोन टोके असतात. ‘शाळेसमोर’ असे लिहिलेले असते, पण शाळेची दोन फाटके दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. ज्या आडरस्त्याला नावच नाही, तिथला अपघात नाव असलेल्या जवळच्या चौकाच्या खात्यावर लिहिला जातो. अशाने प्रसिद्ध चौकांवर ठिपके साचत जातात आणि दोन चौकांमधला लांबच लांब सरळ पट्टा, जिथे वाहने सर्वांत वेगाने जातात, तो नकाशावर स्वच्छ दिसत राहतो.

दर वर्षी यादी करण्याआधी आमचा बराच काळ ठिपके जागेवर बसवण्यात जात असे. जुने कागद काढणे, नोंद करणाऱ्याला विचारणे, शेजारच्या दुकानदाराला आठवते का ते पाहणे, आणि एवढे करूनही शेवटी अंदाजाने एक जागा धरणे, असा हा क्रम होता. ठिपका थोडासा सरकला की एखादे स्थळ निकषात बसायचे आणि दुसरे बाहेर पडायचे. त्यातच पायी चालणारा किंवा सायकलस्वार पडला आणि त्याला परस्पर रुग्णालयात नेले, तर अनेकदा पोलिसांकडे नोंदच होत नाही. रुग्णालयाच्या कागदावर इजा असते, पण रस्ता नसतो. म्हणजे ज्यांना सर्वाधिक संरक्षण हवे, तेच यादीत सर्वांत कमी दिसतात. आता अनेक ठिकाणी मोबाइलवरून अक्षांश-रेखांशासह नोंद होऊ लागली आहे आणि ज्या संस्थेकडे अशा काही वर्षांच्या विश्वासार्ह नोंदी आहेत, तिला हा त्रास कदाचित एवढा जाणवणार नाही. तरीही नोंद अपघाताच्या जागी झाली की नंतर कार्यालयात बसून, हे एकदा तपासून घ्यावे असे सुचवेन.

याच मुळातून दुसरी अडचण निघते. एखाद्या जागी दोन वर्षे अपघात जास्त झाले म्हणून ती निवडली, तर पुढच्या वर्षी तिथली संख्या काही अंशी आपोआपच खाली येते, कारण वाढलेल्या आकड्यात योगायोगाचाही वाटा असतो. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात हा परिणाम गणिताने वेगळा काढला होता. स्थानिक संस्थेकडे मात्र तेवढी माहितीही नसते आणि मनुष्यबळही नसते. त्यामुळे सिग्नल बसवला म्हणून अपघात घटले की ते तसेही घटणार होते, याचे उत्तर मला खात्रीने कधीच देता आले नाही. खर्च लोकांच्या पैशाचा असल्यामुळे ही अनिश्चितता मला सतत सलत असे.

शिवाय संस्थेच्या ताब्यातील रस्त्यांचे स्वरूपही लक्षात घ्यावे लागते. भारतात राष्ट्रीय महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची व्याख्या अशी आहे की सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले ५ अपघात, अथवा १० मृत्यू झालेले असावेत. महामार्गावर अशा निकषाने काम चालते. वस्तीतील रस्त्यावर मात्र एवढी संख्या एका जागी क्वचितच जमते. तिथे एक अपघात या वळणावर, दुसरा पुढच्या गल्लीच्या तोंडाशी, तिसरा भलत्याच भागात, असे ते विखुरलेले असतात. मोठे ठिपके दुरुस्त करून झाल्यावर उरलेल्या यादीत प्रत्येक जागी एकेकच अपघात दिसू लागला, तेव्हा या पद्धतीची मर्यादा मला स्पष्टपणे जाणवली.

दुसऱ्या पद्धतीत मोजायची गोष्ट म्हणजे रस्ता, आणि रस्ता जागा सोडत नाही. मतभेद झाला तर दोघांनी जाऊन तिथे उभे राहावे, पट्टी लावावी, वेग मोजावा आणि वाद मिटवावा, एवढी सोय माझ्या दृष्टीने फार मोलाची ठरली. आयरॅप (रस्त्यांच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) याच्या तारांकन पद्धतीत रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वाहनातील प्रवासी, दुचाकीस्वार, सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी वेगवेगळे १ ते ५ तारे दिले जातात. एकच रुंद, गुळगुळीत रस्ता मोटारीसाठी चांगला आणि पादचाऱ्यासाठी वाईट ठरू शकतो, हे त्यामुळे कागदावर येते. मात्र छोट्या संस्थेने ही संपूर्ण यंत्रणा उभारलीच पाहिजे असे नाही. प्रत्येक रस्त्याचे काम काय, तो लांबच्या वाहतुकीसाठी आहे की घरापर्यंत पोहोचण्यासाठी, आणि त्या कामाच्या मानाने तिथला प्रत्यक्ष वेग किती, एवढे दोन प्रश्न विचारले तरी नकाशा बराच बोलका होतो.

वेगाला इतके महत्त्व का द्यायचे, याचे कारण अनेकदा तपासले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे रस्त्यांवरील मृत्यू शून्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्यामागचा विचार असा होता की माणसाच्या हातून चूक होणारच, म्हणून त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसेल अशी रस्त्याची रचना असावी. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून उर्वरित शहरासाठी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली. लंडनमध्ये ताशी २० मैलांचे जे विभाग झाले, त्यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले जखमी व मृत सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि शेजारच्या भागांत अपघात सरकल्याचे आढळले नाही. यांपैकी कोणत्याही ठिकाणी प्रत्येक गल्लीत आधी अपघात होण्याची अट नव्हती.

या पद्धतीचे दोष मी झाकणार नाही. धोक्याची यादी इतकी लांब निघते की पहिल्यांदा पाहणारा सदस्य दचकतो आणि एवढ्या रस्त्यांना पैसा कुठून आणणार असे विचारतो. दोन निरीक्षक एकाच वळणाला वेगळे गुण देऊ शकतात. गतिरोधक घातले की रुग्णवाहिका आणि बस यांच्या बाजूने रास्त तक्रारी येतात. त्यांचा चढ-उतार सौम्य ठेवणे, किंवा गतिरोधकाऐवजी रस्ता अरुंद करणे आणि पादचारी मार्ग उंचावून चौकापार नेणे, असे पर्याय शोधावे लागतात. नुसते वेगमर्यादेचे फलक उभारून काम झाले असे मानण्याचा मोहही इथेच होतो. रस्त्याची रचना बदलली नाही, तर फलकाने सरासरी वेग किरकोळच उतरतो असे माझेही निरीक्षण आहे. आणि न घडलेला अपघात कोणाला दाखवता येत नाही, म्हणून श्रेय मिळायला वेळ लागतो. पाठिंबा वर्षभरात आटेल अशी शंका असेल, तर सुरुवातीला दोन-तीन ठळक चौक सुधारून विश्वास मिळवणे शहाणपणाचे ठरू शकेल.

तेव्हा ज्या संस्थेच्या नोंदी नेमक्या आहेत, ज्यांच्याकडे वाहत्या मोठ्या रस्त्यांचा वाटा अधिक आहे आणि जिथे आजवर एकही अपघातस्थळ दुरुस्त झालेले नाही, तिने पहिल्या पद्धतीने प्रारंभ करावा, याला माझी हरकत नाही. बाकीच्यांना मी नम्रपणे जाळ्याच्या पाहणीकडे वळायला सांगेन. आमच्याकडे मी केलेल्या शिफारशीत मोठा हिस्सा पाहणीतून निघालेल्या कामांसाठी होता आणि लहान हिस्सा अशा स्थळांसाठी राखून ठेवला होता, जिथे नोंदीतील ठिपके आणि पाहणीतील धोका एकाच जागी येतात. नोंदी आम्ही टाकून दिल्या नाहीत. पाहणीने सुरक्षित ठरवलेल्या रस्त्यावर ठिपका दिसला, तर तिथे पुन्हा जाऊन पाहायचे, असा त्यांचा उपयोग ठेवला. संपूर्ण जाळे एकदम हाती घेणे शक्य नसेल, तर शाळांकडे जाणारे रस्ते आधी घ्यावेत, तिथे शाळा सुटण्याच्या वेळी आणि रात्री रस्ता मोकळा असताना असा दोनदा वेग मोजावा, आणि त्या दोन आकड्यांतील फरक जिथे सर्वांत मोठा दिसेल तिथपासून रस्त्याची रुंदी कमी करण्याचे काम काढावे.