शेल स्क्रिप्टमध्ये इको की प्रिंटएफ?

शेल म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम; इको आणि प्रिंटएफ या त्यातल्या मजकूर छापायच्या आज्ञा. स्क्रिप्टमधून फाइलीत एक ओळ टाकायची म्हटलं की हात आपोआप इकोकडे जातो. लिहायला सोपं, शेवटची नवी ओळही आयती मिळते. ठरलेला साधा मजकूर असेल तर तेवढं पुरे.

पण मजकूर व्हेरिएबलमधून येणार असेल तर मी इको वापरत नाही. त्यात बॅकस्लॅशनंतर एन (नव्या ओळीची खूण) आला, तर बॅश हा शेल तो सहसा जसाच्या तसा छापतो, डॅश हा दुसरा शेल मात्र तिथेच ओळ तोडतो. उबुंटू या लिनक्सने २००६ मध्ये, ६.१० आवृत्तीपासून, एसएच या नावाने चालणाऱ्या शेलसाठी बॅशऐवजी डॅश आणलं. माझी एक स्क्रिप्ट टर्मिनलवर बॅशमध्ये नीट चालायची आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, एसएचने चालली की लॉगमधल्या ओळी तुटायच्या. कारण सापडायला अख्खी संध्याकाळ गेली.

प्रिंटएफमध्ये आधी साचा (मजकूर कसा छापायचा ते), मग मजकूर. नवी ओळ आपण मागायची. साच्याच्या जागी व्हेरिएबल मात्र कधीच ठेवू नका; साच्यात टक्क्याला खास अर्थ असतो, त्यामुळे ‘५०% सूट’मधल्या टक्क्यावरच गाडी अडते.

सिरियल पोर्टवरच्या थर्मल प्रिंटरसाठी तर प्रिंटएफच. प्रिंटरच्या आज्ञांच्या सुरुवातीला लागणारा एस्केपचा बाइट बॅकस्लॅश ०३३ असा ऑक्टलमध्ये (आठच्या पायाच्या आकड्यांत) लिहिला की दोन्ही शेलमध्ये तोच जातो, मागे नको असलेली नवी ओळ लागत नाही.