कोकण किनाऱ्यावर भाड्याचा तंबू: वाऱ्यात काढलेल्या चार रात्रींचे परीक्षण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि अकरा व सात वर्षांची आमची दोन मुले असे चौघे जण मुरूड-जंजिऱ्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या रस्त्याने गाडीने गेलो आणि पाचपैकी चार रात्री तंबूत राहिलो. तंबू पुण्यातील एका दुकानातून दिवसाला 400 रुपये भाड्याने आणि 3000 रुपये अनामत ठेवून घेतला होता. दुहेरी कापडाचा, फायबरग्लासच्या दोन दांड्यांवर उभा राहणारा, ‘चार माणसांसाठी’ असे पिशवीवर छापलेला हा घुमटाकार तंबू बहुतेक भाड्याच्या दुकानांत निरनिराळ्या नावांनी मिळतो. त्यामुळे हे परीक्षण त्या प्रकारच्या तंबूचे आहे असे समजून वाचावे.

जागेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन मोठी माणसे आणि दोन मुले आत नीट झोपतात. चार मोठ्या माणसांना मात्र कूस बदलणे कठीण जाईल, आणि सामान गाडीतच ठेवावे लागते. पहिल्या दिवशी तंबू उभारायला अर्धा तास लागला, तिसऱ्या दिवशी मुलांच्या मदतीने दहा मिनिटे पुरली. जाळीच्या खिडक्यांतून हवा चांगली खेळते आणि डास आत येत नाहीत. तंबूची खरी परीक्षा होते ती वाऱ्यात.

या दिवसांत दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि सूर्यास्तापर्यंत जोर धरून राहतो. उत्तररात्री जमीन गार झाली की उलट दिशेने मतलई वारा वाहू लागतो. शाळेच्या भूगोलात शिकलेले हे खारे आणि मतलई वारे तंबूच्या कापडावर ऐकले तेव्हा मला खऱ्या अर्थाने कळले. दिवेआगरला एका कुटुंबाच्या परवानगीने आम्ही त्यांच्या वाडीच्या कडेला, सुरूच्या बनाच्या आडोशाने तंबू लावला. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या परिसरातील सुरू, माड आणि पोफळी मोठ्या संख्येने आडव्या केल्या होत्या. आज तिथे उभ्या असलेल्या झाडांचा आडोसा किती मोलाचा आहे, हे पाच वाजताच्या वाऱ्यात दोन मिनिटे उघड्यावर उभे राहिले की समजते. माडाखाली मात्र तंबू कधीही लावू नये, कारण वाऱ्याने नारळच काय, सुकलेली झावळीसुद्धा पडली तरी जीवावर बेतू शकते.

तंबूसोबत मिळालेल्या खुंट्या हा या संचातील सर्वांत मोठा दोष आहे. वीतभर लांबीच्या, टोकाला आकडा असलेल्या त्या बारीक लोखंडी सळ्या मुरमाड जमिनीत ठीक धरत असतील, पण किनाऱ्याच्या वाळूत त्यांचा काहीही उपयोग होत नाही. बाहेरच्या आवरणाची पहिली दोरी ताणताच खुंटी वाळूतून अलगद वर आली, दुसरीही आली, आणि धाकट्याने धरून ठेवलेला तंबू त्याच्यासकट चार पावले सरकला. वाडीचे मालक हे पाहत होते. ते म्हणाले, “दादा, उभी ठोकलीत तर वारा उपटणारच. आडवी पुरा.” त्यांनी झावळीच्या जाड देठाचे हातभर लांबीचे तुकडे कोयत्याने तोडून दिले. दोरी तुकड्याच्या मधोमध बांधायची, कोपरभर खोल चर खणून तुकडा दोरीला काटकोनात आडवा ठेवायचा आणि वर वाळू घालून पायाने दाबायची. अशा सहा तुकड्यांवर तंबू रात्रभर जागचा हलला नाही. ते तुकडे आम्ही पुढचा सगळा प्रवास गाडीत जपून नेले.

दरवाजा समुद्राकडे पाठ करून, म्हणजे पूर्वेला ठेवला होता आणि संध्याकाळी तो निर्णय बरोबर ठरला. पहाटे वारा फिरला तेव्हा तो थेट दरवाजावर आला. हा वारा हळू होता, पण गार होता. बाहेरचे आवरण दवाने भिजून जड झाले होते, आणि त्याची सैल पडलेली बाजू आतल्या कापडाला टेकली तिथे मुलीच्या डोक्याजवळ पाणी झिरपले. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणल्या तर हा त्रास होत नाही. पुढच्या तीनही रात्री आतले कापड कोरडे राहिले.

आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेसवी या दोन्ही फेरीबोटींतून गाडी नेता येते, त्यामुळे तंबूचे सामान घेऊन हा प्रवास करणे सोपे जाते. वेळासला आम्ही तंबू मुद्दाम उघडलाच नाही आणि गावातील घरी राहिलो. ऑलिव्ह रिडले कासवे तिथल्या वाळूत अंडी घालतात, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे पिल्लांची समुद्राची दिशा चुकते. अशा जागी कंदील लावून मुक्काम करणे आम्हाला पटण्यासारखे नव्हते.

दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला पोहोचलो त्या संध्याकाळी वारा सर्वांत जास्त होता. मोठ्या दांडीचा एक तुकडा जोडाच्या पत्र्याच्या नळीजवळ उभा चिरला आणि त्याचे काचतंतू बाहेर आले. ते हातात घुसतात, म्हणून मुलांना लगेच दूर केले. संचात दुरुस्तीची नळी नव्हती. रुंद चिकटपट्टी आणि दोन सपाट काटक्या बांधून काम भागवले आणि गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी उभी केली. ॲल्युमिनियमच्या दांड्या महाग असतात, तरी अशा किनाऱ्यावर मी यापुढे त्याच मागेन.

भाड्याच्या संचातील गॅसची छोटी शेगडी वाऱ्यात चहापुरतीही टिकली नाही. तिच्याभोवती चारही बाजूंनी आडोसा करू नये, कारण त्यामुळे खालचा गॅसचा डबा तापतो; आणि ती तंबूत तर कदापि पेटवू नये, कारण कोंडलेल्या विषारी वायूचा धोका असतो. आम्ही गाडीच्या आडोशाला, एका बाजूला पत्रा धरून पिठले शिजवले, आणि ते उत्तम झाले.

परतल्यावर तंबू गच्चीत गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवला, कारण खारट वाळू चेनच्या सरकपट्टीत अडकली की ती महिन्याभरात गंजते. दुकानदाराने चिरलेल्या दांडीसाठी अनामतीतून 600 रुपये कापले. दांडी आमच्याकडे असताना मोडली हे मला मान्य आहे, पण किनाऱ्यावर जाणार असल्याचे आम्ही आधीच सांगितले असताना वाळूच्या खुंट्या आणि दुरुस्तीची नळी देणे हे दुकानाचे काम होते, आणि तसे मी त्यांना लेखी कळवले आहे. आडोशाची जागा, आडव्या पुरायच्या खुंट्या आणि एक जास्तीची दांडी एवढी तयारी असेल तर हिवाळ्यात कोकणासाठी हा तंबू घ्यायला हरकत नाही. देठाचे सहाही तुकडे मात्र आम्ही परत केले नाहीत; ते गाडीच्या डिकीत पुढच्या फेरीसाठी ठेवले आहेत.