ऑटोहॉटकी, काही महिन्यांनंतर: चालत नाही तेव्हा कुठे बघायचं

ऑटोहॉटकी चालते का, हा प्रश्न माझ्या लेखी संपलेला आहे. चालते. विंडोजवर कीबोर्ड आणि माउसची रटाळ कामं उरकायला याहून हलकं, फुकट आणि मोकळं साधन मला तरी सापडलं नाही. खरा प्रश्न वेगळाच: काल निमूटपणे चाललेली स्क्रिप्ट (ऑटोहॉटकीसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांची फाइल) आज का चालत नाही, आणि ते शोधण्यात किती वेळ जातो? त्यामुळे वैशिष्ट्यांची यादी देत बसत नाही, दुरुस्तीबद्दलच लिहितो.

माझा वापर साधा आहे. स्प्रेडशीटमधल्या ओळी एका जुन्या एन्ट्रीच्या प्रोग्रॅममध्ये भरायच्या (त्याला फाइल आयात करणं माहीतच नाही), ठरावीक मजकूर दोन-तीन अक्षरांत उमटवायचा आणि खिडक्या आपापल्या जागी लावायच्या.

सगळ्यात आधी आवृत्ती बघा. दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये आली आणि तिची भाषा पहिलीशी जुळत नाही. इंटरनेटवर मिळणारे तयार तुकडे अजूनही मोठ्या प्रमाणात पहिल्या आवृत्तीतले असतात. कमांडच्या नावापुढे लगेच स्वल्पविराम आणि मजकुराला अवतरणचिन्हं नाहीत, असं दिसलं की तो जुना माल समजायचा. नवं काही लिहिणार असाल तर सरळ दुसरी आवृत्ती घ्या. व्हेरिएबलच्या (किंमत साठवायला दिलेल्या नावाच्या) लिहिण्यात चूक झाली की पहिली आवृत्ती त्याला गुपचूप रिकामं मानून पुढे जायची. दुसरी तिथेच थांबते आणि ओळ दाखवते. एवढ्या एका गोष्टीसाठीही बदल करावा.

आता मुख्य दुखणं: वेळ. स्क्रिप्ट बिघडली म्हणून उघडून बघावं तर बहुतेकदा तिच्यात बिघाड नसतोच. ती फक्त समोरच्या प्रोग्रॅमच्या आधी पोचलेली असते. विंडो उघडायच्या आत अक्षरं निघून जातात आणि मागे उघड्या असलेल्या भलत्याच खिडकीत पडतात. यावर सगळे करतात तो उपाय म्हणजे मध्ये ‘स्लीप’, म्हणजे ठरावीक वेळेचा थांबा, घालणं. अर्धा सेकंद पुरत नाही म्हणून एक, मग दोन. मशीन निवांत असताना स्क्रिप्ट उगाच रेंगाळते आणि मशीनवर ताण आला की पुन्हा चुकतेच. त्याऐवजी ‘विनवेटॲक्टिव्ह’ वापरा: ती विंडो खरोखर समोर येईपर्यंत थांब, पाच सेकंदांत आली नाही तर मला सांग आणि काम सोड. क्लिपबोर्डचंही तसंच. आधी तो रिकामा करायचा, मग कंट्रोल-सी पाठवायचं, मग ‘क्लिपवेट’, म्हणजे त्यात काही येईपर्यंत थांबणं. रिकामा केला नाही तर आधीचाच मजकूर तिथे बसलेला असतो, थांबायचं कारणच उरत नाही, आणि मागच्या ओळीचा आकडा पुढच्या ओळीत जातो. ही चूक वाईट, कारण दिसायला सगळं नीटच दिसतं.

दुसरा प्रकार म्हणजे अक्षरं गळणं. दुसऱ्या आवृत्तीत कळा पाठवणारं ‘सेंड’ मुळातच ‘सेंडइनपुट’ पद्धतीने चालतं, म्हणजे सगळ्या कळा एका दमात सोडल्या जातात. नव्या प्रोग्रॅमना ते झेपतं. जुन्या एन्ट्रीच्या खिडक्या मधली अक्षरं खातात. मग लोक ‘सेटकीडिले’, म्हणजे दोन कळांमधला थांबा, वाढवतात, तरी फरक पडत नाही. पडणारच नाही, कारण त्या सेटिंगचा सेंडइनपुटवर परिणाम होत नाही. आधी ‘सेंडइव्हेंट’वर यायचं, मग डिले द्यायचा. त्याचा दुसरा आकडा, म्हणजे कळ किती मिलिसेकंद दाबून धरायची, तोही भरायचा. काही प्रोग्रॅमना तोच हवा असतो. आणखी एक गंमत अशी की कीबोर्डचा हुक (येणारी प्रत्येक कळ मधेच पकडायची सोय) लावलेली दुसरी स्क्रिप्ट चालू असेल तर सेंडइनपुट आपोआप सेंडइव्हेंटवर उतरतं. म्हणून एकटी असताना सुसाट धावणारी स्क्रिप्ट दुसरीच्या सोबतीत मंदावते. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, पण अशा जागी की गरज पडल्याशिवाय कुणी तिथवर जात नाही.

हॉटकी (स्क्रिप्टला कामाला लावणारी कळ) सगळीकडे चालते आणि एकाच खिडकीत मात्र ढिम्म? तर कोडमध्ये शोधू नका. ती खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली आहे का ते बघा. व्हिस्टापासून विंडोजने हा नियम ठेवला आहे: कमी अधिकाराचा प्रोग्रॅम जास्त अधिकाराच्या खिडकीत कळा पाठवू शकत नाही. एरर येत नाही, आवाज होत नाही, कळा नुसत्या नाहीशा होतात. स्क्रिप्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की प्रश्न सुटतो. पण सगळ्याच स्क्रिप्ट तशा चालवायची सवय लावून घेऊ नका, कारण चुकलेली क्लिक मग पूर्ण अधिकारानिशी चुकते. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कुठल्याच स्क्रिप्टच्या हाती लागत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

कधीकधी कंट्रोल किंवा शिफ्ट ‘अडकते’. बोट कळेवरून उचललेलं असतं, पण संगणकाच्या मते कळ अजून दाबलेलीच आहे. एका फाइलवर क्लिक केल्यावर आधीचीही निवडलेली राहते, माउसचं चाक फिरवलं की पान मोठं होतं. तेवढ्यापुरता उपाय म्हणजे डावं-उजवं कंट्रोल एकदा दाबून सोडणं. कायमचा उपाय म्हणजे हॉटकीच्या सुरुवातीला ‘कीवेट’ लावून माणसाने कळ सोडेपर्यंत थांबणं आणि मगच काही पाठवणं.

माउसबद्दल माझं मत कडवट आहे. कोऑर्डिनेट, म्हणजे स्क्रीनवरच्या जागेचे आकडे, देऊन केलेली क्लिक म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. पहिल्या आवृत्तीत आकडे मुळात सक्रिय विंडोच्या कोपऱ्यापासून मोजले जात. दुसरीत तिच्या आतल्या भागापासून, म्हणजे शीर्षकपट्टी आणि कडा सोडून. जुनी स्क्रिप्ट नव्यात आणली की क्लिक थोडी सरकते ती इथे. डिस्प्लेचं स्केलिंग १०० वरून १२५ टक्के केलं की बटणं आपली जागा सोडतात. दोन मॉनिटर वेगवेगळ्या स्केलिंगवर असतील तर विचारू नका. मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा असला तर आकडे उणेमध्ये जातात, ते वेगळंच. चित्र शोधून क्लिक करणारं ‘इमेजसर्च’ ऐकायला छान वाटतं, पण थीम बदलली, अक्षरांच्या कडा वेगळ्या रंगल्या की चित्र ‘सापडत नाही’. रंगातल्या फरकासाठी ० ते २५५ मधली सूट देता येते. फार दिली तर भलतंच सापडतं. माझा क्रम असा: आधी प्रोग्रॅमचा स्वतःचा शॉर्टकट, नाही तर टॅब, नाही तर बटणाच्या नावावर ‘कंट्रोलक्लिक’, आणि काहीच जमलं नाही तरच कोऑर्डिनेट.

इतक्या कटकटी असूनही मी ऑटोहॉटकी सोडली नाही ती तिच्यासोबत मिळणाऱ्या तपासणीच्या साधनांमुळे. ‘विंडो स्पाय’ खिडकीचं शीर्षक, तिचा क्लास (तिच्या प्रकाराचं आतलं नाव), कर्सरखालचं कंट्रोल (बटण, चौकट वगैरे), आकडे आणि रंग एका जागी दाखवतं. ट्रेमधल्या (घड्याळाजवळच्या) तिच्या आयकॉनवर डबलक्लिक केलं की चाललेल्या ओळी दिसतात. स्क्रिप्ट कुठे अडकली ते तिथेच कळतं. पण सगळ्यात उपयोगी ‘की हिस्टरी’. कुठली कळ कधी आली, दोन कळांमध्ये किती वेळ गेला, ती माणसाने दाबली की एखाद्या प्रोग्रॅमने पाठवली, सगळं तिच्यात असतं. ‘ए’ म्हणजे कृत्रिम, ‘एस’ म्हणजे हुकने अडवलेली. मात्र कीबोर्डचा हुक बसवलेला नसेल तर हे पान जवळजवळ रिकामं दिसतं आणि नवखा माणूस ते बंद करून टाकतो. हुक बसवा, मग उघडा.

मराठी मजकुरासाठी दोन शब्द. पहिल्या आवृत्तीत फाइल ‘यूटीएफ-८ बॉमसह’ (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ते सांगणारी खूण फाइलच्या सुरुवातीला ठेवून) साठवली नाही तर देवनागरीचा चुराडा होतो. दुसरीत यूटीएफ-८ गृहीतच धरलेलं आहे. मजकूर ‘सेंडटेक्स्ट’ने पाठवावा, म्हणजे त्यातलं अधिकचं किंवा उद्गारचिन्ह शिफ्ट-ऑल्ट समजलं जात नाही. आणि देवनागरी लेआउट चालू असताना इंग्रजी अक्षरांची हॉटस्ट्रिंग (दोन-तीन अक्षरं टाइप केली की पूर्ण मजकूर देणारी सोय) उमटत नाही, कारण ती अक्षरं मुळात टाइपच झालेली नसतात. देवनागरीतली वेगळी हॉटस्ट्रिंग करून ठेवा.

स्क्रिप्टची ईएक्सई (थेट चालणारी प्रोग्रॅम-फाइल) करून वाटणार असाल तर अँटिव्हायरस हरकत घेतो, निष्पाप फाइल असली तरी. शक्यतो मूळ फाइलच द्या. ऑनलाइन गेममध्ये ही साधनं वापरून खातं बंद झालं तर दोष कुणाला देणार, ते तुमचं तुम्ही बघा.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातलं असंच साधन, पायऑटोगुई, तेही पाहावं. कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात नेला की काम थांबतं, ही त्याची सोय फार चांगली. ऑटोहॉटकीत तशी सोय आयती नाही, म्हणून प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एस्केपवर ‘एक्झिटॲप’ (स्क्रिप्ट बंद करणारी कमांड) आधी लिहायचं आणि मग बाकीचं. पण पायऑटोगुईच्या टाइप करण्याच्या कमांडला देवनागरी जमत नाही, मजकूर क्लिपबोर्डमधून चिकटवावा लागतो. लिनक्सवरचं असंच साधन एक्सडूटूल, एक्स११ या जुन्या स्क्रीन-व्यवस्थेवर उत्तम चालतं, वेलँड या नव्या व्यवस्थेवर आलात की वायडूटूलसारखं दुसरं काही शोधावं लागतं.

एक काम मी या मशीनवरून ऑटोहॉटकीला देत नाही: रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनची स्क्रीन इथे दाखवणाऱ्या, खिडकीतलं. बाहेरच्या स्क्रिप्टला ती सगळी खिडकी एकच चित्र दिसते, आत बटण नाही, नाव नाही, थांबायला काही नाही. स्क्रिप्ट पलीकडच्या मशीनवरच ठेवून तिथे चालवायची, आणि तेव्हाही ती रिमोटची खिडकी मिनिमाइझ करायची नाही, नाहीतर पलीकडे स्क्रीनच उरत नाही आणि क्लिक कशावर करणार.